समवेळ बिंदू

"अगस्ती, हात सोडला."

"त्रिशंकू, हात धरला."

एवढीच दोन वाक्यं. पहिलं गिरिजा पोवारनं म्हणायचं, दुसरं अठराशे किलोमीटरवर बसलेल्या चैताली वानखडेनं. मग गिरिजा उजव्या हातातला मोजा काढून खुर्चीच्या दांडीवर ठेवी. त्या क्षणापासून तिच्या नवऱ्याच्या पाठीवर दुसऱ्या बाईचा हात असे.

नियमच तसा होता, आणि तो करणाऱ्यांच्या मनात काही वावगं नव्हतं.

अंटार्क्टिकाच्या बर्फावर भारताची दोन नवी ठाणी होती. दक्षिणेच्या आकाशातल्या ताऱ्यांवरून त्यांची नावं ठेवलेली. पूर्वेला अगस्ती, पश्चिमेला त्रिशंकू. दोन्हीकडे बर्फ दाबून केलेली एकेक धावपट्टी, आणि मध्ये उतरायला काहीही नाही. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत या दोन ठाण्यांमध्ये एक छोटं विमान ये-जा करी. त्याला सगळे टिटवी म्हणत. टिटवीत हायड्रोजनवर चालणाऱ्या दोन इंधनपेशी होत्या. त्या वीज करीत, विजेवर पंखे फिरत, आणि धुराऐवजी शेपटीखालच्या नळ्यांतून पाणी बाहेर पडे. ती चालवायचा समरजित पोवार. लग्नाला सहा वर्षं झालेला, कोल्हापूरचा, बोलायला मोकळा आणि बोलताना समोर कोण आहे याचा फारसा विचार न करणारा.

विमानापेक्षा नवी गोष्ट त्याच्या अंगात असे. तिचं अधिकृत नाव लांबलचक होतं. वैमानिक तिला बंडी म्हणत.

वारा दिसत नाही. पण अंटार्क्टिकाच्या हवेत बर्फाची भुकटी कायम तरंगत असते. टिटवीच्या नाकातून लेसरचे झोत पुढे जात आणि त्या कणांवर आपटून परत येत. कण दूर पळत असेल तर परतलेला प्रकाश किंचित तांबडा होतो, जवळ येत असेल तर किंचित निळा. या फरकावरून पुढच्या वीसेक किलोमीटरमधला वारा कळतो. हे तंत्र जुनंच. अडचण वेगळी होती. हे सगळं वैमानिकाला सांगायचं कसं? त्याचे डोळे पडद्यांत गुंतलेले, कान रेडिओत. माणसाची पाठ मात्र रिकामी असते. म्हणून बंडीच्या आतून पाठभर शेकडो बारीक गाद्या बसवल्या. पुढे खाली खेचणारा झोत असेल तर कमरेत ओढ लागे, डावीकडून धक्का येणार असेल तर डाव्या फासळीवर दाब येई.

पहिल्या चाचण्यांत यंत्रानं सगळाच वारा पाठीवर ओतला आणि वैमानिक अर्ध्या तासात ओकले. वाऱ्यात निरर्थक खळबळ फार असते. त्यातलं काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे यंत्राला जमलं नाही. माणसाला जमलं. ठाण्यावर एक वारावाचक बसू लागला. विमानापुढचा वारा त्याच्या मोज्याखाली उमटे, आणि तो तळहातानं, बोटांनी दाबे तेवढंच उपग्रहामार्फत वैमानिकाच्या पाठीवर पोचे. उलट दिशेनं वैमानिकाच्या पाठीचा ताणही मोज्यात येई, म्हणजे आपण सांगितलेलं त्याला कळलं की नाही ते वाचकाला समजे.

प्रत्येक वाचकाचा हात वेगळा असतो, असं वैमानिक म्हणत. गिरिजा अगस्तीची वाचक होती. चैताली त्रिशंकूची.

आणि हा हात कुठे बदलायचा, ते वारा ठरवी.

ठाण्यावर नवीन माणूस आला की गिरिजा त्याला पंचगंगेचं उदाहरण देई. लहानपणी ती घाटावर पोहायला शिकली होती. प्रवाहाबरोबर गेलं की मजा वाटते. पण जितका वेळ जाताना वाचतो त्याहून जास्त येताना जातो. वाहत्या पाण्याशी व्यवहार बरोबरीत सुटत नाही. वाऱ्याचंही तसंच. म्हणून दोन विमानतळांमधलं अंतर आणि त्यांच्यामधला वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाटेत काही बिघडलं, तर मागचं ठाणं जवळ की पुढचं, हा प्रश्नच चुकीचा. लवकर कुठलं येईल, हे विचारायचं. वाटेवर एक जागा अशी असते की तिथून मागे जायला आणि पुढे जायला सारखाच वेळ लागतो. तो समवेळ बिंदू. त्याच्या अलीकडे बिघाड झाला तर परत फिरायचं, पलीकडे झाला तर पुढे जायचं. बिघाड झाल्यावर विमान ज्या ठाण्यावर उतरणार, त्याच ठाण्याच्या वाचकाचा हात त्या वेळी पाठीवर असावा, म्हणून हात तिथे बदलायचा.

हा बिंदू अंतराच्या मध्यावर नसतो. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला तो सरकतो. या भागात उन्हाळाभर वारा पूर्वेकडून, म्हणजे अगस्तीकडून वाहे. त्यामुळे बिंदू कायम अगस्तीच्या बाजूला. जातानाही आणि येतानाही. म्हणजे गिरिजाचा वाटा नेहमी तोकडा.

शाळेतल्या पोरालाही कळेल असं हे गणित. गिरिजाला मात्र ते दर फेरीला नव्यानं टोचे. वारासुद्धा चैतालीच्याच बाजूचा होता.

*

याची सुरुवात जेवणघरात झाली. समर त्रिशंकूहून परतला होता, ज्वारीच्या भाकरीवर ठेचा घेऊन बसला होता. समोर सलीम मुजावर, टिटवीची देखभाल करणारा. त्याची जीभ त्याच्या पान्ह्यांपेक्षा जास्त चाले.

"साहेब, नशीब बघा एकेकाचं," सलीम म्हणाला. "आम्हाला सांगलीत पाठ खाजवायला माणूस मिळंना, आणि तुमच्या पाठीवर आळीपाळीनं दोन बायकांचा हात. ते पण सरकारी खर्चानं."

सगळे हसले. गिरिजाही हसली.

"चेष्टा नाही रे," समर घास चावत म्हणाला. "पण एक आहे. तिकडचा हात आला की पाठ एकदम हलकी होते."

पुन्हा हशा पिकला. सलीमनं "वहिनी, ऐकलं का?" असं ओरडून टेबलावर थाप मारली. समर पाण्याचा ग्लास शोधत होता. त्याचं लक्षही नव्हतं.

खोलीत तो बूट काढत असताना गिरिजानं विचारलं, "हलकी होते म्हणजे?"

"काय?"

"पाठ."

"हां. म्हणजे... हलकी, गं. सांगता येत नाही. तिकडचा वारा जरा पडलेला असतो, ते पण असेल."

"ते पण."

"आयला, मुजावरच्या बोलण्यावर जातीस होय?" तो हसला, आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला.

मुजावरच्या बोलण्यावर गिरिजा गेलीच नव्हती. समरच्या बोलण्यावर गेली होती. लग्नानंतर सहा वर्षांत तिच्या हाताबद्दल तो असं काही बोलल्याचं तिला आठवेना.

चैतालीला तिनं एकदाच प्रत्यक्ष पाहिलं होतं, गोव्यातल्या प्रशिक्षणात. अकोल्याची, सडपातळ, हसताना तोंडावर हात धरणारी. आवाज तेवढा रोज ऐकू येई. समरला ती भाऊ म्हणे. सुरुवातीला गिरिजाला त्याचा आधार वाटला. मग चैताली स्वयंपाक्यालाही भाऊ म्हणते, हवामान खात्याच्या संचालकांनाही भाऊ म्हणते आणि एकदा बिघडलेल्या जनित्रालासुद्धा "चाल नं भाऊ" म्हणाली, हे लक्षात आल्यावर आधार संपला.

आणि मग तो दिवस आला. हात बदलून झाला होता, रेडिओ सुरूच होता.

"ताई, एक सांगू का?" चैताली म्हणाली. "समरभाऊचा उजवा खांदा लय आखडून राहते. डावा बरा आहे. रात्री काही तेलगिल लावून देता का?"

गिरिजाच्या हातात चहाचा पेला होता. तो तिनं हळूच खाली ठेवला.

"बघते," ती म्हणाली.

नवऱ्याचा उजवा खांदा आखडतो हे तिला माहीत नव्हतं. तिच्या मोज्यातही ते यायला हवं होतं. यंत्र तेच, मोजा तोच. तिला कधी जाणवलं नव्हतं. संध्याकाळी तिनं समरच्या खांद्यावर बोट रोवलं तर तो कळवळला.

"तुला कसं कळलं?" त्यानं कौतुकानं विचारलं.

ती तेलाची बाटली शोधायला उठली.

*

उड्डाणापूर्वी मार्गाचा सरासरी वारा यंत्रात भरण्याचं काम विमान जिथून निघे त्या ठाण्याच्या वाचकाचं. उपग्रह उंचावरचा वारा बरोबर सांगत. पण टिटवी ज्या थरातून उडे तिथला, उतारावरून घसरत येणारा वारा त्यांना नीट दिसत नसे. म्हणून यंत्राचा अंदाज बाजूला ठेवून वाचकाचा आकडा धरायचा असा नियम होता. त्या आकड्यावरून यंत्र बिंदू काढी आणि तो समरच्या पडद्यावर जाई.

गिरिजानं एका सकाळी ताशी पन्नास किलोमीटरच्या जागी चाळीस भरले.

बिंदू पश्चिमेला सरकला. त्या दिवशी समर तिच्या हाताखाली थोडा जास्त वेळ राहिला. काहीही बिघडलं नाही. टिटवी वेळेवर त्रिशंकूला उतरली, भाजी आणि औषधं उतरवली गेली, कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या फेरीला तिनं पस्तीस भरले. मग तीस. महिनाभरानं ती वीसवर आली होती. यातून तिला मिळत होती सोळा मिनिटं. त्या सोळा मिनिटांत ती वाऱ्यातला बारीकसारीक धक्कासुद्धा समरच्या पाठीवर उमटवी, जणू तिला म्हणायचं होतं, बघ, मी आहे, मी सोडलेलं नाही. ही सोळा मिनिटं चैतालीच्या वाट्यातून काढलेली आहेत या विचारानं तिला जे सुख होई, त्याची तिला लाज वाटे. लाज वाटूनही पुढच्या फेरीला ती वीसच भरी.

समरनं एकदा विचारलं होतं. "वेग तर मस्त दाखवतोय गं. मागचा वारा जोरात आहे. तू वीस कसं धरलंस?"

"पुढे पडतो," ती म्हणाली. "सरासरी आहे ती."

"तू म्हणतेस म्हणजे असेल."

एवढ्यावर त्यानं विषय सोडला. वाऱ्याच्या बाबतीत तो तिच्याशी कधीच वाद घालत नसे. तिला तेव्हा बरं वाटलं. विश्वास म्हणजे काय, तर कुणीतरी तपासून न पाहणं, हे शास्त्र शिकलेल्या बाईला तरी कळायला हवं होतं.

*

हंगाम संपायला तीन आठवडे उरले असताना ते घडलं. समर एकटाच निघाला होता, मागे सामान. हवा स्वच्छ होती. गिरिजाच्या हाताखाली वारा शांत वाहत होता आणि तिचा बिंदू यायला थोडाच अवकाश होता. खरा बिंदू पंधरा मिनिटांपूर्वीच मागे पडला होता. तिला त्याची जागा पाठ होती.

मोज्यात एकदम ताण आला. समरची सगळी पाठ घट्ट झाली होती.

"अगस्ती, डावी पेशी गेली." त्याचा आवाज सपाट होता. "पाण्याची नळी गोठली असणार. पाणी बाहेर पडेना म्हणून पेशी बुडाली. उजवीवर चाललोय. हवेतला वेग अडीचशे."

"उजवीचं तापमान?"

"चढतंय. दुप्पट भार आहे तिच्यावर. पुस्तकात साडेतीन तास लिहिलेत." क्षणभर खरखर. "बिंदू अजून आलेला नाही. वळतोय."

समोरच्या पडद्यावर मागे सव्वाआठशे किलोमीटर दिसत होते आणि पुढे पावणेदहाशे. दोन्हीकडचा वेळ जवळपास सारखा, साडेतीन तासांच्या जरासा पुढे. तो तसा दिसत होता, कारण यंत्रानं तिचाच वारा धरला होता.

गिरिजानं खरा वारा धरून मनातल्या मनात भागाकार केला. त्याला कागद लागत नव्हता. परत येताना समोरून पन्नासचा वारा. अडीचशेतले उरतात दोनशे. चार तासांहून जास्त. उजवी पेशी त्याच्या खूप आधी बंद पडेल, आणि खाली बर्फाच्या भेगा. पुढे जाताना तोच वारा पाठीशी; अडीचशेचे होतात तीनशे. सव्वातीन तास.

घर जवळ होतं. चैताली लवकर येणार होती.

तिच्या तळहाताखाली समरची पाठ वळायला लागली होती. डावा खांदा खाली, उजवा वर. तो तिच्याकडे वळत होता. नियमानं, तिच्या शब्दावर विश्वास ठेवून, तो तिच्याकडे परत येत होता. हंगामभर तिला दुसरं काय हवं होतं?

रेडिओवर तिघंही होते. चैतालीचा श्वास ऐकू येत होता.

"समर, वळू नकोस," गिरिजा म्हणाली.

"काय?"

"बिंदू मागे गेला. वारा पन्नास आहे. मी वीस भरला होता."

"चुकून?"

हो म्हणता आलं असतं. हो म्हटल्यानंही तो वाचलाच असता. पण अर्धं खोटं सांगितलं तर उरलेल्या अर्ध्यावर तो किती विसंबेल, याची तिला खात्री नव्हती. आत्ता त्याला तिचा आकडा पूर्ण मानायला हवा होता.

"मुद्दाम. सगळा महिना. परत आलास तर पोचणार नाहीस. पुढे जा, सव्वातीन तास आहेत. मी हात सोडतेय." तिचा आवाज चिरकला. "अगस्ती, हात सोडला."

"त्रिशंकू, हात धरला," चैताली लगेच म्हणाली. "भाऊ, सरळ घ्या. मी आहे. थोडं खाली उतरा, तिथं वारा अजून चांगला हाय."

पडद्यावरचा ठिपका अर्धवट वळला होता. तो थबकल्यासारखा दिसला आणि पुन्हा पश्चिमेला तोंड करून चालू लागला.

सव्वातीन तास गिरिजा खुर्चीत बसून होती. मोजा दांडीवर लोंबत होता. सलीम दारात येऊन उभा राहिला, काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि न करता निघून गेला. रेडिओवर चैताली अधूनमधून एखादा शब्द बोले. "हं." "आता." "बस." एवढंच. बाकी शांतता. आपण असतो तर एव्हाना किती बोललो असतो, असं गिरिजाच्या मनात आलं आणि गेलं.

शेवटी चैतालीचा आवाज आला. "टेकले भाऊ. धावपट्टीवर आहेत." आणि मग, रेडिओचा नियम विसरून, "टेकले हो ताई, टेकले."

*

समरनं तासाभरानं फोन केला.

"मी वळलो असतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तू म्हणाली होतीस अजून बिंदू यायचाय. मी दुसरं काही बघितलंच नसतं."

"माहीत आहे, समर."

"कशासाठी पण?"

तिनं सांगितलं. सांगताना ते इतकं लहान वाटलं की तिला ते दोनदा सांगावं लागलं.

"मला आत्ता बोलता येत नाही," तो म्हणाला आणि फोन चैतालीकडे गेला.

"ताई."

"बोल."

"मले माहीत होतं."

गिरिजानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "काय माहीत होतं?"

"वाऱ्याचं. तुमच्याकडून सुटलेला वारा दीड दिवसानं माझ्याच दारात येते नं ताई. तुम्ही वीस सांगता अन् इथं पन्नास येते. एकदा झालं तर चूक म्हणावं. रोज कशी चूक होईल?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं होतं. पण मी बोलली असती तं चौकशी झाली असती, तुमची खुर्ची गेली असती. मले वाटे, ताई उद्या स्वतःच नीट करतीन. तवर मी माझा बिंदू वेगळा काढून ठेवत जाये. मध्ये काही झालं तं ओरडायला." ती थांबली. "ते माझंबी चुकलं. आधीच सांगायला पाह्यजे होतं. आज मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात तुम्ही बोललात. बरं झालं तुम्हीच बोललात."

गिरिजाला राग यायला हवा होता, तो तिनं शोधला. महिनाभर चोरलेल्या त्या सोळा मिनिटांत चैताली तिकडे जागी होती, लक्ष ठेवून होती, आणि गिरिजाला वाटत होतं की तेवढा वेळ तरी आपण आणि समर दोघंच आहोत.

"तुला हेही माहीत होतं," तिनं विचारलं, "की मी हे का करते?"

"आता ताई," चैताली हळूच म्हणाली, "मी काय लहान आहे का?"

*

ठाण्याचे प्रमुख डॉ. सातोस्कर गोव्याचे, मृदू आवाजाचे गृहस्थ. गिरिजानं आपणहून सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. खुर्ची तर गेलीच. पुढचं दिल्ली ठरवणार होती. तोवर अगस्तीवर दुसरा वाचक नव्हता, म्हणून टिटवी दुरुस्त होऊन परत येईल तेव्हा सगळी वाट चैतालीच वाचणार होती. अठराशे किलोमीटर, एकटी.

"एक काम तुम्हाला करायचं आहे," सातोस्कर म्हणाले. "त्या दिवशी बंडीवर पडलेल्या दाबांचं मुद्रण आहे, ते पुन्हा चालवता येतं. कुठला दाब का दिला, ते तुम्हीच सांगू शकाल. बंडी घालून बसावं लागेल."

"मी?"

"वाचकांनी ती कधी घातलेलीच नसते, नाही का? आम्हाला सुचलंच नाही कधी. खरं म्हणजे प्रशिक्षणातच घालायला हवी."

चाचणीच्या खोलीत सुटी बंडी होती. सलीमनं ती तिच्या मापाची आवळून दिली. "वहिनी, घट्ट वाटली तर सांगा," एवढंच म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेला. सातोस्करांनी मुद्रण सुरू केलं, हात बदलण्याच्या अर्धा तास आधीपासून.

तिच्या पाठीवर हात पडला.

तो आपलाच हात आहे हे तिला पटायला वेळ लागला. तो जड होता. कमरेपासून मानेपर्यंत तो कुठेच उठत नव्हता. एक झोत सांगून झाला की दुसरा, तो संपायच्या आत तिसरा, आणि सांगण्यासारखं काही नसेल तेव्हाही तळहाताचा दाब तसाच, नुसता आहे हे कळवत राहिलेला. दहा मिनिटांत तिनं उजवा खांदा वर उचलून धरला होता. का, ते तिला कळलं नाही, मग कळलं. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी येणारा दाब उजव्या खांद्यावर रोवलेला होता, आणि त्यापासून सुटायचं तर खांदा असाच धरावा लागत होता. या खांद्याचा ताण मोज्यात जाणवायला आधी हात उचलावा लागतो. तो तिनं कधी उचललाच नव्हता.

"हा दाब कशासाठी?" सातोस्कर विचारत.

"बारीक धक्का होता."

"सांगण्याइतका?"

"नाही."

"आणि हा?"

"काही नव्हतं."

ते लिहून घेत होते. गिरिजाला घाम आला होता. बंडी काढून फेकावीशी वाटत होती. समरनं ही दोन हंगाम घातली होती आणि फक्त एकदा, भाकरी खाता खाता, एक वाक्य बोलला होता. तेही तक्रारीचं नव्हतं.

पेशी बंद पडली तो क्षण आला. पाठीवरचा हात दचकला, गच्च झाला. तिला माहीत होतं की आता मिनिटभरात हा हात सुटणार आहे, आणि ती त्या क्षणाची वाट पाहू लागली. कधी एकदा ही बाई सोडते. कानात तिचाच चिरकलेला आवाज आला.

"अगस्ती, हात सोडला."

"त्रिशंकू, हात धरला."

आणि काहीच झालं नाही. पाठ मोकळी होती. यंत्र बंद पडलं की काय, असं वाटून तिनं सातोस्करांकडे पाहिलं. त्यांच्या पडद्यावर रेघ चालू होती. तिनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं डाव्या बाजूला, फासळीच्या खाली, बोटाचं एक टोक लागलं. पुढे धक्का होता. धक्का आला, गेला, बोटही गेलं. पुन्हा मोकळं. त्या मोकळेपणात तिला पहिल्यांदा तो मोठा वारा जाणवल्यासारखा झाला, पाठीशी उभा राहून सारखा पुढे लोटणारा. तिच्या गणितातला पन्नासचा. तो तिथे पहिल्यापासून होता, तिच्याच हाताखाली झाकलेला.

समर त्या हाताच्या प्रेमात असता तर गिरिजाला सोपं गेलं असतं. भांडता आलं असतं, रडता आलं असतं. पण या हातात समरसाठी असं काही नव्हतंच. होतं ते फक्त वाऱ्याबद्दल, आणि तेही लागेल तेवढंच. आजवर ती चैतालीवर जळली ती नवऱ्यापायी. आता नवरा त्यात कुठेच नव्हता, आणि तरी छातीत तेच जुनं ओळखीचं दुखत होतं, आधीपेक्षा जास्त. असा हात आपल्याला का नाही?

"हा भाग आम्हाला नको आहे," सातोस्कर म्हणाले. "तुमचं संपलं. बंद करू?"

तिचा उजवा खांदा केव्हाच खाली आला होता.

"थांबा, डॉक्टर," गिरिजा म्हणाली. "थोडा वेळ असू दे."